डिस्क अ‍ॅरे : जोडणी आणि ऑपरेटिंग सिस्टीमकडून ओळख

अनेक हार्ड डिस्क किंवा एसएसडी एकत्र करून त्या संगणकापुढे एका अथवा मोजक्या तार्किक डिस्कच्या रूपात ठेवणारी रचना म्हणजे डिस्क अ‍ॅरे. नवा अ‍ॅरे जोडल्यावर तो ऑपरेटिंग सिस्टीमला दिसणे आणि तो वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोऱ्या अ‍ॅरेवर पार्टिशन (जागेचा आखलेला भाग) नसते, फाइल सिस्टीम (फाइली मांडण्याची व्यवस्था) नसते. त्यामुळे विंडोजमध्ये त्याला ड्राइव्हचे अक्षर मिळत नाही आणि लिनक्समध्ये तो कुठल्याही फोल्डरखाली उघडत नाही. सिस्टीमने तो ओळखलेला मात्र असू शकतो. हा फरक लक्षात घेतला नाही, तर दोष नसलेल्या केबल आणि कंट्रोलर (डिस्क चालवणारे कार्ड) तपासण्यात वेळ जातो.

महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त, छोट्या डिस्कांचा संच वापरावा, ही कल्पना डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मांडली. तिथून ‘रेड’ (रिडन्डंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स) हे नाव रूढ झाले. रेड ० मध्ये डेटा पट्ट्यापट्ट्यांनी सर्व डिस्कांवर वाटला जातो आणि एक डिस्क गेली तरी सगळा संच जातो. रेड १ मध्ये तोच डेटा दोन्ही डिस्कांवर लिहिला जातो. रेड ५ मध्ये एका डिस्कइतकी, तर रेड ६ मध्ये दोन डिस्कांइतकी जागा पॅरिटीसाठी, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा पुन्हा काढता यावा म्हणून ठेवलेल्या जादा माहितीसाठी, जाते. ४ टेराबाइटच्या ६ डिस्क असतील, तर रेड ५ मध्ये २०, रेड ६ मध्ये १६ आणि रेड १० मध्ये (रेड १ च्या जोड्यांवर रेड ०) १२ टेराबाइट जागा हाती येते. मोठ्या डिस्कांसाठी रेड ६ घेणेच शहाणपणाचे. बिघडलेली डिस्क बदलल्यावर नवी डिस्क भरून निघायला कित्येक तास, प्रसंगी दिवस लागतात आणि त्या काळात उरलेल्या सर्व डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात. नेमक्या त्याच वेळी दुसरीने दगा दिला, तर रेड ५ कडे काहीच उरत नाही.

अ‍ॅरे कोण बांधतो, यावर ओळखीची पद्धत ठरते. हार्डवेअर कंट्रोलर असेल, तर संच त्याच्या सेटअपमध्ये तयार होतो. ऑपरेटिंग सिस्टीमला सुट्या डिस्क दिसतच नाहीत, फक्त तयार तार्किक डिस्क दिसते, आणि तीसुद्धा कंट्रोलरचा ड्रायव्हर असेल तरच. म्हणून विंडोज बसवताना डिस्कची यादी रिकामी आली, तर आधी ड्रायव्हर लोड करून पाहावा. सॉफ्टवेअर रेडमध्ये उलट घडते. लिनक्सला प्रत्येक डिस्क स्वतंत्र दिसते आणि एमडीएडीएम हे साधन त्यांचा संच बांधते. संचाची माहिती प्रत्येक डिस्कवरच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे राखीव नोंदीच्या जागेत, राहते. त्यामुळे केबलची अदलाबदल झाली किंवा डिस्क दुसऱ्या संगणकात नेल्या, तरी संच पुन्हा जुळतो.

बाहेरच्या कपाटातील अ‍ॅरे फायबर चॅनल (साठवणुकीसाठीचे वेगळे जाळे), आयस्कझी (नेहमीच्या नेटवर्कवरून) किंवा एसएएस (थेट केबलने) मार्गाने जोडला जातो. अ‍ॅरेमधील जागेचे भाग करून प्रत्येकाला एक क्रमांक देतात. त्याला लन म्हणतात. संगणक अ‍ॅरेला आधी विचारतो, तुझ्याकडे कोणकोणते लन आहेत? मग प्रत्येक लन काय आहे आणि केवढा आहे, हे विचारतो. यादीत कोणते लन दाखवायचे, हे अ‍ॅरे ठरवतो. संगणकाच्या अ‍ॅडॅप्टरची ओळख, म्हणजे फायबर चॅनलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएन आणि आयस्कझीत आयक्यूएन, अ‍ॅरेमध्ये नोंदवून त्याला लन बहाल करावा लागतो. फायबर चॅनलच्या स्विचवर झोनिंगही, म्हणजे कोणी कोणाशी बोलायचे याची आखणीही, करावी लागते. यातले काही राहिले, तर डिस्क दिसत नाही आणि बहुधा त्रुटीचा संदेशही येत नाही. काही जुन्या सिस्टीम शून्य क्रमांकाच्या लनपासून शोध सुरू करतात व तो नसेल तर पुढे पाहतच नाहीत. म्हणून पहिल्या लनला शून्य क्रमांक देण्याची सवय चांगली.

एकाच लनकडे दोन मार्ग असले, की तो दोन डिस्क म्हणून दिसतो. हे खरे धोक्याचे ठिकाण आहे. दोन्हींना वेगळ्या डिस्क समजून त्यांवर स्वतंत्र फाइल सिस्टीम घातली, तर एकीवरचे लेखन दुसरीचा नाश करते. मल्टिपाथ, म्हणजे अनेक मार्ग एकाच डिस्कचे म्हणून जोडणारी सोय, आधी चालू करावा आणि मगच डिस्कला हात लावावा.

विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडून पुन्हा स्कॅन करायला सांगावे. सर्व्हर आवृत्त्यांत सामायिक मार्गावरून आलेली नवी डिस्क ऑफलाइन राहू शकते, ती आधी ऑनलाइन करावी लागते. मग ‘इनिशियलाइज’चा, म्हणजे डिस्कवर नवा पार्टिशन तक्ता लिहायचा का असा, प्रश्न येतो. होय म्हणण्यापूर्वी आकार व क्रमांक जुळवून पाहावेत. समोरची डिस्क कोरी नसून दुसऱ्या संगणकाच्या डेटाने भरलेलीही असू शकते.

इथेच पार्टिशन तक्ता, म्हणजे डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवण्याची पद्धत, निवडायचा असतो. जुना एमबीआर तक्ता सेक्टरसाठी (डिस्कवरच्या सर्वांत लहान खणासाठी) ३२ बिटांचा क्रमांक वापरतो, म्हणजे सुमारे ४२९ कोटी सेक्टर. ५१२ बाइटच्या सेक्टरने गुणले, की मर्यादा साधारण २.२ टेराबाइटवर येते. त्यापलीकडची जागा डिस्कवर असूनही वापरता येत नाही. अ‍ॅरेसाठी म्हणून जीपीटी हा नवा तक्ताच निवडावा. हीच ३२ बिटांची मर्यादा काही जुन्या कंट्रोलरमध्येही आहे; तिथे जीपीटीनेही उपाय होत नाही, तार्किक डिस्कच लहान करावी लागते. जागा थोडी कमी दिसली, तर मात्र घाबरू नये. ४ टेराबाइटची डिस्क विंडोज ३.६४ दाखवते, कारण तो १०२४ च्या पटीत मोजतो.

लिनक्समध्ये डिस्कना मिळणारी एसडीबी, एसडीसी ही नावे कायमची नसतात. नवा अ‍ॅरे जोडला की ती सरकू शकतात. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये यूयूआयडी (फाइल सिस्टीमची न बदलणारी ओळख) लिहावा, आणि अ‍ॅरे सुरू नसतानाही संगणक उठायला हवा असेल तर ‘नोफेल’ हा पर्यायही द्यावा. एमडीएडीएमच्या कॉन्फिगरेशनमध्ये संचाची नोंद केली नाही, तर तो रीबूटनंतर एमडी१२७ अशा अनपेक्षित नावाने उगवतो. नोंद केल्यावर इनिटरॅमएफएस, म्हणजे लिनक्स सुरू होताना आधी मेमरीत चढणारी छोटी फाइल सिस्टीम, पुन्हा तयार करावा लागतो. एक्सएफएस फाइल सिस्टीम सॉफ्टवेअर रेडच्या पट्टीची रुंदी स्वतः ओळखते. हार्डवेअर रेडमध्ये ती हाताने द्यावी लागू शकते.

अ‍ॅरे तयार होताच लिहायला उपलब्ध होतो, तरी पॅरिटीची पहिली जुळणी मागे चालूच असते आणि तोवर वेग कमी राहतो. ती संपल्यावर संगणक एकदा बंद करून चालू करावा, नंतर एक डिस्क मुद्दाम काढून इशारा येतो का आणि फाइली वाचता येतात का, हे पाहावे. ही चाचणी खरा डेटा चढवण्यापूर्वीच करायची असते. रेड डिस्कच्या बिघाडापासून वाचवतो. चुकून पुसलेली फाइल तो परत देत नाही, त्यामुळे बॅकअप वेगळ्या साधनावर ठेवावा लागतो.