वाजणारा कीबोर्ड आणि अडकलेलं सॉफ्टवेअर

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खणात ठेवून द्या.)

दादरच्या आमच्या दुकानात दोन तक्रारी रोजच्या आहेत. "कीबोर्ड फार वाजतो, घरातले वैतागलेत" ही एक, आणि "कॉम्प्युटर हँग होतो, बटणं दाबून दाबून बोटं दुखली" ही दुसरी. बऱ्याचदा दोन्ही एकाच घरातून येतात. वन रूम किचनमध्ये एक जण रात्री अकरा वाजता एक्सेल घेऊन बसलेला, दोन हातांवर दहावीतली मुलगी झोपलेली, आणि एक्सेल अडकलं की बटणांवरचा जोर दुप्पट होतो.

एक काका आमच्याकडे येतात. उमेदीत त्यांनी फोर्टात टाइपरायटरवर कोर्टाचे कागद टाइप केले. सायलेंट कीबोर्ड दाखवला तर म्हणाले, "आवाजच नाही, तर अक्षर उमटलं हे कळणार कसं?" टाइपरायटरवर ते बरोबरच होतं, खट् झालं म्हणजे अक्षर कागदावर पडलं. कॉम्प्युटरवर मात्र खट् म्हणजे फक्त बटण खाली गेलं. पुढे अक्षर उमटायचं की नाही, ते सॉफ्टवेअर ठरवतं.

आवाज येतो कुठून?

साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली रबराचा एकच पडदा असतो. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा स्विच आणि स्प्रिंग. स्विचचे ढोबळ तीन प्रकार: क्लिकी (बहुधा निळा), टॅक्टाइल (बहुधा ब्राउन) आणि लिनियर (बहुधा लाल). निळ्यात टकटक मुद्दाम घातलेली असते. ब्राउनमध्ये बोटाला मधेच हलका उंचवटा लागतो. लाल स्विच सरळ खाली जातो.

नेहमीच्या लाल स्विचमध्ये बटण साधारण ४ मिलिमीटर खाली जातं, पण कॉम्प्युटरला ते २ मिलिमीटरलाच कळलेलं असतं. उरलेलं अंतर आपण सवयीने दाबतो आणि बटण तळावर आपटतं. म्हणजे लाल-ब्राउनवरचा बराचसा आवाज काम झाल्यानंतरचा आहे. बोट उचललं की बटण वर येऊन पुन्हा आपटतं, तो वेगळाच.

म्हणून "लाल घ्या, आवाज नाही" हे अर्धंच खरं. टकटक जाते, धबधब राहते. खऱ्या सायलेंट स्विचमध्ये आतल्या दांड्याला मऊ रबराच्या गाद्या असतात, त्या खालचा आणि वरचा दोन्ही आपटा झेलतात. बटणाखाली घालायच्या रबरी रिंगा स्वस्त मिळतात, पण त्या फक्त खालचा आवाज मारतात. आम्ही त्या विकतो, पण विकताना हे सांगूनच विकतो.

खोक्यावर "सायलेंट" छापलंय म्हणून घेऊ नका. दुकानात एक बटण हळू दाबा आणि पटकन सोडा, वर येताना कट् झालं तर आत गादी नाही. मग स्पेसबार दाबून बघा. लांब बटणांखाली तोल सांभाळणारी तार असते, ती कोरडी असली की खुळखुळते. सगळा कीबोर्ड गप्प आणि स्पेसबार एकटाच बडबडतोय, असे कीबोर्ड भरपूर आहेत. तारेला ग्रीस लावलं की तो गप्प होतो. ते काम आम्ही समोर बसवून करून देतो.

नवा कीबोर्ड घेण्याआधी फुकटातला एक प्रयोग करा. जुन्या कीबोर्डाखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा. सनमायकाचं पोकळ टेबल तबल्यासारखं घुमतं, आणि निम्मी तक्रार तिथलीच निघते. टॉवेलने काम भागलं तर जाड डेस्क मॅट घ्या, कीबोर्ड नको.

दिवसभर मजकूर टाइप करणाऱ्यांना, मराठी टायपिंगच्या ३० किंवा ४० शब्दांच्या परीक्षेचा सराव करणाऱ्यांनाही, आम्ही सायलेंट टॅक्टाइल सुचवतो. आवाजाची पावती गेली तरी उंचवट्याची राहते. काकांनी शेवटी तोच नेला.

अडकलं म्हणजे नेमकं काय झालं?

विंडोजमध्ये एखादं सॉफ्टवेअर सुमारे ५ सेकंद हाकेला ओ देईनासं झालं, की विंडोज त्याच्या जागी त्याच खिडकीचं फिकट चित्र उभं करतं आणि वर "नॉट रिस्पॉन्डिंग" लिहितं. तुम्ही बटणं बडवता ती या चित्रावर. त्याआधी दाबलेलं मात्र रांगेत उभं राहतं आणि सॉफ्टवेअर शुद्धीवर आलं की एकदम अंगावर येतं. प्रिंटवर चारदा क्लिक केलंत तर चार प्रती निघू शकतात. म्हणून आधी हात बाजूला.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर, म्हणजे चालू सॉफ्टवेअरची यादी, उघडेल. अडकलेल्या नावासमोर सीपीयू (प्रोसेसर) आणि डिस्कचे आकडे हलत असतील, तर ते बहुतेक कामात आहे, चहा ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनीही काही हललं नाही, तर "एंड टास्क" दाबून ते बंद करा. त्याआधी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढा! न सेव्ह केलेला परिच्छेद निदान वाचून पुन्हा टाइप करता येतो. हा सल्ला ऐकून लोक हसतात, नंतर फोन करून आभार मानतात.

टास्क मॅनेजरही येत नसेल तर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतोय-विझतोय, तर मशीन जिवंत आहे, थोडं थांबा. दिवा ढिम्म असेल तर आधी कीबोर्डची वायर काढून घाला. तरीही ढिम्मच, तर पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा. हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. मॅकवाल्यांनी टास्क मॅनेजरच्या बटणांऐवजी ऑप्शन, कमांड आणि एस्केप दाबावं.

वर्ड मूळ सेटिंगमध्ये दर १० मिनिटांनी मजकुराची राखीव प्रत ठेवतं. ऑप्शन्समध्ये सेव्हखाली जाऊन ते २ मिनिटांवर आणा.

वर्ड घरीच अडकतं, ऑफिसात नाही? डिफॉल्ट प्रिंटर, म्हणजे आपोआप निवडला जाणारा, तपासा. वर्ड उघडताना प्रिंटरची चौकशी करतं. प्रिंटर बीकेसीच्या ऑफिसात आणि लॅपटॉप मुलुंडला घरी, मग वर्ड उत्तराची वाट बघत बसतं. घरी असताना डिफॉल्ट म्हणून "प्रिंट टू पीडीएफ" निवडा. एवढ्यावर लॅपटॉप फॉरमॅट करून घेतलेले लोक आम्हाला भेटलेत.

कीबोर्ड मेला म्हणून आणलेले, पण ठणठणीत असलेले

उजवा शिफ्ट ८ सेकंद दाबून धरला की विंडोज "फिल्टर कीज" सुरू करायचं का विचारतं. विचार करताना हात तिथेच राहतो, चौकट येते, आपण न वाचता एंटर मारतो. मग झटपट दाबलेली बटणं मोजलीच जात नाहीत. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन बंद करा. भलतीच अक्षरं उमटत असतील तर विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदलून बघा. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीत के दाबल्यावर क येतो, पण सी दाबल्यावर म, त्यात कीबोर्डचा दोष नाही.

चहा सांडला तर आधी वायर उपटा, मग कीबोर्ड पालथा घाला. चालू करून बघायचा मोह टाळा. पावसाळ्यात तो नुसता पंख्याखाली ठेवून लवकर वाळत नाही, आणि साखरेचा चिकटा तर राहतोच. स्विच सुटे निघणारे असतील तर बिघडलेले तेवढेच बदलता येतात. आणताना कीबोर्डसोबत त्याची वायर आणि वायरलेस असेल तर छोटा रिसिव्हरही आणा. तो घरी कॉम्प्युटरलाच राहिला म्हणून परत जाणारे आठवड्याला दोघे-तिघे तरी असतात.