प्रत्यारोपणानंतरची विषाणू तपासणी

मूत्रपिंड किंवा यकृत बदललेल्या रुग्णाच्या रक्तात विषाणू वाढू लागला आहे का, हे आजाराची लक्षणे दिसण्याआधी कळावे म्हणून ठरावीक अंतराने करायची तपासणी. नवा अवयव शरीराने नाकारू नये यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, स्टेरॉइड देऊन प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. त्या काळात अंगात निपचित पडलेले विषाणू डोके वर काढतात.

त्यांत सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही) मुख्य. भारतात बहुतेक प्रौढांना तो कधीतरी होऊन गेलेला असतो. शस्त्रक्रियेआधी दाता आणि रुग्ण दोघांची आयजीजी, म्हणजे आधीच्या संसर्गाची खूण सांगणारी रक्तातली प्रतिपिंडे, तपासतात. दात्यात विषाणू आहे आणि रुग्णात नाही, ही जोडी सर्वांत जोखमीची. शस्त्रक्रियेनंतर मात्र प्रतिपिंडे पाहण्यात फारसा अर्थ उरत नाही. तेव्हा पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून पाहणाऱ्या चाचणीने, विषाणूचा डीएनएच मोजतात.

पुढे दोन वाटा आहेत. एक, तीन ते सहा महिने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर या विषाणूरोधक औषधाच्या गोळ्या. दुसरी, पहिले तीन महिने दर आठवड्याला पीसीआर आणि आकडा चढू लागताच औषध. दुसऱ्या वाटेने गोळ्या वाचतात, पण अहवाल वेळेत हाती पडला तरच. हा विषाणू एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतो. कोल्हापूरहून नमुना पुण्याला पाठवायचा तर सुमारे २३० किलोमीटरचा प्रवास, त्यात शनिवारी संध्याकाळी रक्त दिले की रविवार मध्ये आलाच. म्हणून नमुना कोणत्या वारी द्यायचा, हेही उपचाराचाच भाग समजावे.

गडहिंग्लज-चंदगडकडून पहाटेच्या एसटीने येणारा रुग्ण टॅक्रोलिमसची सकाळची गोळी खिशात ठेवूनच येतो. औषधाची पातळी मोजायला रक्त गोळीआधी द्यावे लागते. त्याच सुईने विषाणूसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) नळी भरून घेता येते. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी चालत नाही, हेपॅरिन पीसीआरला अडवते. पाठवण्याआधी नळी यंत्रात फिरवून प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) वेगळा काढतात आणि थंड पेटीत ठेवतात.

आकडा आंतरराष्ट्रीय एककांत येतो. त्यासाठीचे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण २०१० पासून आहे. तरीही लॅबगणिक फरक पडतो, आणि प्लाझ्मापेक्षा अख्ख्या रक्तातला आकडा सहसा जास्त येतो. ६०० चे १,१०० झाले तर तो चाचणीचाच हेलकावा असू शकतो. तिपटीहून मोठा बदल खरा मानतात. दोनशे रुपये वाचवायला दर खेपेस लॅब बदलली, तर मागच्या आकड्याशी तुलनाच करता येत नाही. जुलाब, पोटदुखी असताना रक्ताचा अहवाल निगेटिव्ह आला तरी सीएमव्ही आतड्यात असू शकतो. तिथे दुर्बिणीने तुकडा काढूनच निदान होते.

मूत्रपिंडाच्या रुग्णांत बीके विषाणूही तपासतात, सुरुवातीचे महिने दरमहा. तो आधी लघवीत, मग रक्तात दिसतो. त्याच्यावर खात्रीचे औषध नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करणे हाच उपाय. इथे खरी पंचाईत होते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) वाढले की शरीर अवयव नाकारत असेल तर तीच औषधे वाढवायची, आणि बीके असेल तर घटवायची. नुसत्या क्रिएटिनिनवरून यातले काहीच ठरवता येत नाही. बीकेचा पीसीआर आणि बहुधा नव्या मूत्रपिंडाची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) लागते.