ओव्हन नसताना ब्राउनी: विजेच्या तव्यामागचा इतिहास

अमेरिकेत भाड्याच्या एका खोलीत राहणारी किंवा फिरत्या घरातून प्रवास करणारी माणसं आजही इलेक्ट्रिक स्किलेटमध्ये ब्राउनी भाजतात. स्किलेट म्हणजे खोलगट, बहुधा चौकोनी तवा. तळाला विजेची तार, कडेला तापमानाची कळ आणि वर उंच झाकण. ओव्हन नाही म्हणून चालवून घेतलेलं काम, असं त्याकडे पाहिलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. बंद भांड्यात खालून-वरून उष्णता देऊन भाजणं ही घरगुती ओव्हनच्या पेटीपेक्षा कितीतरी जुनी रीत आहे. विजेच्या तव्याने तिच्यात एकाच गोष्टीची भर घातली: उष्णता किती, हे ठरवण्याची सोय.

इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०७ मध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं. त्यामुळे बिडाची भांडी स्वस्त झाली आणि अटलांटिकपलीकडच्या वसाहतींतही पोचली. तिथे रुळलेल्या ‘डच ओव्हन’ला खाली तीन पाय असत, म्हणजे बुडाखाली निखारे सरकवता येत, झाकणाला उभी कड असे, म्हणजे वर ठेवलेले निखारे घसरत नसत. भाजायचं असेल तर वर जास्त आणि खाली कमी निखारे, हा तिथला साधा हिशोब. पश्चिमेकडे बैलगाड्यांतून निघालेल्या कुटुंबांनी पाव याच भांड्यात भाजला.

आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कोकणात तवसाचं धोंडस, म्हणजे मोठ्या काकडीचा केक, पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवूनच होत आलं आहे, आणि गोव्यात बेबिंकाचा प्रत्येक थर नारळाच्या सोडणांच्या निखाऱ्यांनी वरून भाजला जातो. वरची आच किती, हे हाताला आणि नाकाला कळायचं. दुसरं मोजमाप नव्हतं.

ब्राउनी या साऱ्या कथेत बरीच उशिरा येते. शिकागोतलं पामर हाउस हॉटेल तिचा जन्म आपल्या स्वयंपाकघरात झाल्याचं सांगतं. १८९३ मध्ये त्या शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. हॉटेलमालकाची पत्नी बर्था पामर प्रदर्शनाच्या महिला व्यवस्थापक मंडळाची अध्यक्ष होती. जेवणाच्या डब्यात मावेल, केकच्या तुकड्याहून लहान असेल आणि हाताने खाता येईल, असं काही गोड तिने मागितलं, असं हॉटेल सांगतं. अक्रोड आणि जर्दाळूचा मुलामा असलेला तो प्रकार तिथे अजूनही मिळतो.

छापील पाककृतींचा माग घेतला तर गोष्ट थोडी वेगळी दिसते. बोस्टनच्या पाकशाळेच्या फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या पुस्तकात ब्राउनी आहे, पण तिच्यात चॉकलेट नाही. काकवीच्या जातीचा मोलॅसिस, लोणी, साखर, अंडं, मैदा आणि पिकान हा अक्रोडासारखा सुकामेवा, असा तो छोट्या साच्यांत भाजलेला खाऊ होता. त्याच पुस्तकाच्या १९०६ च्या आवृत्तीत मात्र आपण ओळखतो ती ब्राउनी दिसते: एक कप साखर, पाव कप वितळवलेलं लोणी, एक अंडं, चॉकलेटच्या दोन वड्या, फक्त अर्धा कप मैदा आणि अर्धा कप अक्रोड. बेकिंग पावडर नाही. भाजायची मंद ओव्हनमध्ये.

या प्रमाणाकडे नीट पाहायला हवं, कारण पुढे तव्यात ब्राउनी जमली ती याच प्रमाणामुळे. मैदा इतका कमी आणि साखर-चॉकलेट इतकं जास्त, की पीठ फार फुगतच नाही. स्पंज केक कमी उष्णतेत बसतो, ओव्हनचं दार मध्येच उघडलं तर खचतो. ब्राउनीला खचण्याची भीती जवळजवळ नाही. थर पातळ, मध्ये ओलसर राहिली तरी ती बिघडलेली ठरत नाही, उलट लोकांना तशीच आवडते.

फार्मर यांच्या काळात ‘मंद ओव्हन’ म्हणजे नेमकं किती, हे कोणी अंशांत सांगत नसे. लाकडाच्या किंवा कोळशाच्या चुलीच्या भट्टीत हात घालायचा, तो किती वेळ सहन होतो ते पाहायचं. नाहीतर आत कागद ठेवून तो किती लवकर तांबूस होतो ते बघायचं. गॅसच्या ओव्हनवर तापमान राखणारं नियंत्रक १९१५ च्या सुमारास अमेरिकन बाजारात आलं आणि मग पाककृतींत आकडे दिसू लागले. वीज मात्र सगळीकडे नव्हती. १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाची यंत्रणा उभी केली, तेव्हा अमेरिकेतल्या साधारण दहातल्या एकाच शेतघरात वीज होती. पुढच्या वीस वर्षांत हे चित्र पार पालटलं, आणि प्लगला जोडायच्या भांड्यांना घरोघरी गिऱ्हाईक मिळालं.

विजेवर तापणारे तवे १९१० च्या दशकातही होते, पण ते नुसते तापत राहत. थांबवायचं तर प्लग काढायचा. खरा बदल १९५३ मध्ये झाला, आणि तोही शिकागोतच. तिथल्या सनबीम कंपनीने स्वतः तापमान राखणारा फ्रायपॅन आणला. त्याची रचना ईवार येप्सन या मूळच्या स्वीडिश अभियंत्याची. कंपनीचं गाजलेलं मिक्सर यंत्रही त्याचंच. मुठीतच कळ होती आणि कोणत्या पदार्थाला किती तापमान, याचा तक्ताही मुठीवरच छापलेला होता. मला या तक्त्याचं फार कौतुक वाटतं. हात भट्टीत घालून अंदाज घेण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या त्याने नवशिक्याच्या हातात दिली. तवा चौकोनी होता. तेवढ्याच रुंदीच्या गोल तव्यापेक्षा चौकोनात सुमारे सव्वा पट जागा मिळते, आणि चौकोनी कापायच्या ब्राउनीला ती सोयीचीच.

आतलं तंत्र साधं आहे. वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची चिकटवलेली पट्टी तापली की वाकते आणि वीज तोडते. निवली की सरळ होते आणि पुन्हा जोडते. १९५६ मध्ये विस्कॉन्सिनच्या नॅशनल प्रेस्टो कंपनीने हे नियंत्रक भांड्यापासून सुटं केलं. ते काढून ठेवलं की सगळा तवा पाण्यात बुडवून घासता येऊ लागला. तोवर मुठीकडचा भाग कोरडा ठेवून धुवावं लागे. भांडं घासणाऱ्या माणसाचा विचार करणारी ही सुधारणा सगळ्यांत महत्त्वाची होती असं माझं मत आहे.

तव्यात ब्राउनी करताना पीठ तळावर ओतण्यापेक्षा लहान डब्यात घालून तो जाळीवर ठेवणं चांगलं, म्हणजे बूड करपत नाही आणि खाली गरम हवा खेळते. नियंत्रक तळाचं तापमान मोजतं, हवेचं नव्हे. कळ ३५० फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १७५ सेल्सियसवर ठेवली तरी झाकणाखालची हवा त्याहून थंड असते, म्हणून वेळ जास्त लागतो. झाकणाची वाफेची खाच उघडी ठेवावी लागते. नाहीतर पाणी ठिबकतं आणि ब्राउनीवरची ती पातळ, तडकलेली चकाकी येत नाही. खरं सांगायचं तर ओव्हनइतकी ती येतच नाही, कारण वर तापलेली तार नाही. डच ओव्हनच्या झाकणावरचे निखारे इथे नाहीत, आणि ही उणीव कोणत्याही कळीने भरून निघत नाही.

ज्या प्रेस्टोने नियंत्रक सुटं केलं, त्याच कंपनीने १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात घरगुती प्रेशर कुकर मांडला होता. भारतीय घरांत इलेक्ट्रिक स्किलेट कधी रुळला नाही, पण कुकर रुळला. मुंबईत हॉकिन्स १९५९ पासून कुकर बनवू लागली. शिटी आणि रबरी रिंग काढून, तळाला वाळू किंवा मीठ पसरून त्यात केक भाजणं ही आपल्याकडची रीत त्याच घराण्यातली आहे. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी घरांत पहिली ब्राउनी अशीच झाली. तिथे कळीचं काम गॅसची बारीक ज्योत आणि मिठाचा जाड थर करतो.

अमेरिकेतून परतताना स्किलेट आणायचा विचार असेल, तर तिथले तवे १२० व्होल्टचे आणि बहुतेक १२०० ते १५०० वॅटचे असतात हे लक्षात ठेवावं. आपल्या २३० व्होल्टवर ते थेट लावले तर जळतील, आणि एवढा भार पेलणारा ट्रान्सफॉर्मर तव्याहून कितीतरी जड असतो. इथे २३० व्होल्टवर चालणारा, झाकणाचा आणि तापमानाची कळ असलेला विजेचा तवा मिळत असेल तर तोच घ्यावा. घेताना झाकण किती उंच आहे ते पाहावं: आत जाळी आणि डबा ठेवून वर दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे.