मुरवलेल्या मांसाची किंमत

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या पीटर लुगर या रेस्टॉरंटात दोघांसाठी पोर्टरहाउस स्टेक, म्हणजे हाडासकट भाजलेला गोमांसाचा जाड काप, मागवलं की वेटर आधी टेबलावर एक छोटी बशी उपडी घालतो आणि गरम प्लेटचं एक टोक तिच्यावर टेकवतो. प्लेट कलते. वितळलेलं लोणी आणि मांसाचा रस खालच्या कडेला गोळा होतो. मांस आधीच कापून पुन्हा हाडाला लावून ठेवलेलं असतं. वेटर दोन-दोन काप ताटात वाढतो आणि तो रस चमच्याने वर घालतो. सजावट म्हणून काहीच नाही, आणि त्या एका प्लेटचे शंभर डॉलरच्या वर पैसे होतात.

इतके पैसे कशाचे? मांसाचे, हे उत्तर अपुरं आहे. त्याच जातीचं, त्याच वजनाचं मांस दुकानात बरंच स्वस्त मिळतं. मला वाटतं, चांगल्या स्टेकमध्ये आपण सगळ्यात जास्त मोजतो ते कुणीतरी वाट पाहिली त्याचे. आपल्याकडे मटण आजच्या आज कापलेलं हवं असतं, कालचं म्हटलं की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. स्टेकचा न्याय लोणच्याचा आहे, ते मुरावं लागतं. हे मुरवणं एके काळी सर्रास होतं आणि मग दुर्मीळ झालं. आजच्या किमतीमागची गोष्ट बरीचशी इथेच आहे.

न्यूयॉर्कमध्ये डेलमोनिको कुटुंबाने १८२७ साली केक-पेस्ट्रीचं दुकान काढलं आणि दहा वर्षांनी मोठं रेस्टॉरंट थाटलं. त्यांच्या नावाचं स्टेक आजही मेनूवर दिसतं. पण गोमांस मुबलक झालं ते अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर. १८६५ च्या नाताळच्या दिवशी शिकागोत युनियन स्टॉकयार्ड्स हा जनावरांचा मोठा बाजार सुरू झाला. टेक्सासमधून कळप हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांवर आणायचे, तिथून जिवंत जनावरं शिकागोला आणि पुढे पूर्वेकडच्या शहरांना जायची. वाटेत जनावरं वाळायची, काही मरायची, आणि कातडी, शिंगं, आतडी यांचंही भाडं भरावं लागायचं. गुस्टाव्हस स्विफ्टने १८७८ च्या सुमारास अँड्र्यू चेस या इंजिनिअरकडून बर्फाने थंड राहणारा रेल्वे डबा तयार करून घेतला. त्यानंतर जनावर शिकागोतच कापून फक्त मांस पाठवता येऊ लागलं. पूर्वेकडच्या खाटकांनी आणि रेल्वे कंपन्यांनी कडाडून विरोध केला, पण भाव इतका उतरला की तो विरोध टिकला नाही.

या काळात मांस प्रवास करायचं ते अर्ध्या किंवा पाव धडाच्या रूपात, आकड्याला लटकून. डब्यात लटकलेलं, घाऊक बाजाराच्या थंड खोलीत लटकलेलं, मग खाटकाकडे लटकलेलं. गिऱ्हाइकाच्या हाती येईपर्यंत ते आपोआप मुरलेलं असे. त्यासाठी वेगळे पैसे कुणी मागत नव्हतं, आणि त्याला वेगळं नावही लागत नव्हतं. न्यूयॉर्कची जुनी स्टेकहाउसं याच दिवसांतली: ओल्ड होमस्टेड १८६८ चं, कीन्स १८८५ चं, लुगर १८८७ चं.

चांगलं मांस कुठलं, हे मात्र खाटकाच्या शब्दावर होतं. १९२७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रतवारी सुरू केली. बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मधे काप घ्यायचा आणि उघड्या पडलेल्या स्नायूत चरबीच्या बारीक रेषा किती आहेत ते पाहायचं. यालाच मार्बलिंग म्हणतात. हाडांच्या टोकाशी अजून कूर्चा असेल तर जनावर कोवळं, तिचं हाड झालं असेल तर वय झालेलं. सगळ्यात वरच्या प्रतीला प्राइम, तिच्याखाली चॉइस, आणि मांसावर जांभळ्या शाईचा शिक्का. आधीच्या अनेक दशकांत प्राइम ठरणारं मांस शंभरात दोन-तीनच असे. आता पैदास आणि मक्याचा खुराक सुधारल्यामुळे ते प्रमाण दहाच्या आसपास गेलंय.

पण प्रत एक असली तरी सगळे तुकडे सारखे नसतात. लुगरची कहाणी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. १९५० मध्ये ते डबघाईला आलेलं रेस्टॉरंट समोरच्याच कारखान्याचे मालक सॉल फोरमन यांनी लिलावात घेतलं. ते तिथले रोजचे गिऱ्हाईक होते, पण मांसातलं त्यांना काही कळत नव्हतं. खरेदीचं काम पत्नी मार्शा यांच्याकडे आलं. त्या दोन वर्षं कृषी खात्याच्या एका निवृत्त प्रतवारी निरीक्षकाकडे शिकल्या. घाऊक बाजारात, जिथे सगळे पुरुष, तिथे त्या जायच्या, एकेक तुकडा पाहायच्या, पसंत पडेल त्यावर आपला शिक्का मारायच्या, बाकीचे सोडून द्यायच्या. ही निवड पुढेही त्या घरातल्या बायकांच्याच हाती राहिली. प्राइममधूनही पुन्हा निवडणारी ती नजर बिलात वेगळी लिहिलेली नसते, पण तिचे पैसे द्यायला मला कधीच जड जाणार नाही.

मग आला खोका. आयोवा बीफ पॅकर्स ही कंपनी १९६० मध्ये निघाली आणि १९६७ मध्ये तिने नेब्रास्कातल्या डकोटा सिटीच्या कारखान्यात मांसाचे भाग पाडून, हवा काढलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून पाठवायला सुरुवात केली. हाडं आणि चरबी कारखान्यातच राहिली, वाहतूक स्वस्त झाली, दुकानातल्या कसबी खाटकाची गरज कमी झाली. पिशवीत मांस सुकत नाही, म्हणजे वजन घटत नाही. व्यापाऱ्याला आणखी काय हवं! १९७१ मध्ये शिकागोचा स्टॉकयार्ड्सचा बाजार बंद झाला. लटकलेलं मांस बाजारातून जवळजवळ दिसेनासं झालं. ज्यांना ते हवंच होतं, त्यांना आता स्वतःची खोली बांधावी लागली.

त्या खोलीत शून्य ते चार अंश सेल्सिअस तापमान असतं, दमटपणा नेमका राखलेला, पंखे सतत चालू. फळ्यांवर हाडासकट मोठे तुकडे ओळीने ठेवलेले. पहिल्या आठवड्यात बाहेरचा लाल रंग काळपट होतो, मग वर चामड्यासारखा कडक थर चढतो, काही ठिकाणी पांढरट बुरशी येते. आत मात्र मांसातलीच एन्झाइम्स स्नायूंचे धागे हळूहळू सैल करत असतात. मऊपणाचं बहुतेक काम दोन-तीन आठवड्यांत होतं. पुढचे दिवस असतात ते चवीसाठी: पाणी उडून चव दाट होते, भाजलेल्या दाण्यांसारखा, जुन्या चीजसारखा वास येऊ लागतो. शेवटी तो सगळा काळा थर कापून टाकायचा. दहा किलो आत ठेवलं तर महिन्याभराने ताटात वाढण्याजोगं सात-साडेसात किलोच उरतं असं धरा. शिवाय महिनाभर खोली अडकली, वीज खर्च झाली, भांडवल गुंतून पडलं. पिशवीतलं मांसही मऊ होतं, पण ते आपल्याच रसात पडून राहतं, त्यामुळे तो सुका, खोल वास त्याला येत नाही. मेनूवर नुसतं ‘एज्ड’ (मुरवलेलं) लिहिलं असेल तर सुकं की पिशवीतलं, आणि किती दिवस, हे विचारायला अजिबात लाजू नये.

जनावराचं शरीरही हात आखडतं. जे स्नायू फारसं काम करत नाहीत तेच मऊ राहतात, म्हणजे पाठीच्या कण्यालगतचे. त्यांतला टेंडरलॉइन हा भाग सगळ्यात मऊ, पण एका जनावरात दोन्ही बाजू मिळून जेमतेम पाचेक किलो. पोर्टरहाउसमध्ये टी आकाराच्या हाडाच्या एका बाजूला तेच असतं आणि दुसऱ्या बाजूला स्ट्रिप हा चवीला सरस भाग. अमेरिकी नियमाप्रमाणे टेंडरलॉइनची रुंदी निदान सव्वा इंच भरली तरच त्याला पोर्टरहाउस म्हणायचं. असे काप एका जनावरात मोजकेच निघतात.

आगीबद्दल थोडक्यात. मोठ्या स्टेकहाउसच्या ब्रॉयलरमध्ये वरून येणारी आच घरच्या शेगडीच्या आवाक्याबाहेरची असते. तिच्यामुळे दोन इंच जाडीच्या तुकड्यावर तपकिरी कवच येतं आणि आतलं मांस गुलाबी राहतं. हे कवच रस आत कोंडून ठेवतं, असं जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग १८४७ मध्ये सांगून गेला आणि लोक अजून तेच सांगतात. ते खरं नाही. कवच हवं ते चवीसाठी, आणि ती चव कशी तयार होते याचा धागा १९१२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ माइयारच्या प्रयोगांतून हाती लागला.

या सगळ्यात रेस्टॉरंटवाला फार कमावतो असंही नाही. पास्ता किंवा सूपच्या मानाने स्टेकमध्ये कच्च्या मालाचा वाटा खूप मोठा असतो. त्याची भरपाई सोबतच्या क्रीम घातलेल्या पालकातून, बटाट्यांतून आणि वाइनमधून होते. म्हणून पाणी मागून नुसतं स्टेक खाणाऱ्याला खरं तर सगळ्यात जास्त मोबदला मिळतो.

मुंबईत हे गणित वेगळं आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे, त्यामुळे मेनूवरचं स्थानिक स्टेक म्हणजे म्हशीचं मांस. त्यात मार्बलिंग नसल्यात जमा, म्हणून जाणकार गिऱ्हाईक खाटकाकडे आणि हॉटेलात एकाच भागाची चौकशी करतं: अंडरकट. मुंबई-गोव्याच्या ख्रिस्ती घरांत टेंडरलॉइनला हेच नाव आहे. चरबीची मदत नसल्याने ते पातळ कापून, मिरी-लसणाच्या वाटणात काही तास ठेवून, तव्यावर झटपट परतायचं. त्याची किंमत करताना न्यूयॉर्कच्या पोर्टरहाउसची मोजपट्टी लावू नये. तिथे महिना खोलीत जातो, इथे कसब वाटणात आणि तव्याच्या त्या दोन-तीन मिनिटांत.