अभ्यासक्रम बदलाचा प्रस्ताव: कोण देऊ शकतो, कागद कोणते जोडायचे आणि मंडळात काय तपासलं जातं

जूनमध्ये स्टाफरूममध्ये हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे "नवा सिलॅबस आला का?" तो येतो, पीडीएफ उघडली जाते आणि कुरकुर सुरू होते. हा घटक कशाला ठेवला, हे पुस्तक बाजारात मिळत नाही, एवढं साठ तासांत कसं बसणार? ही कुरकुर बहुतेक वेळा रास्त असते, फक्त ती उशिरा होते. हेच म्हणणं दिवाळीच्या सुमाराला कागदावर मांडलं असतं, तर त्याचा प्रस्ताव झाला असता. मी आधी कॉलेजातून प्रस्ताव पाठवले आणि नंतर काही वर्षं विद्यापीठाच्या अभ्यास मंडळात, म्हणजे विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत, बसून दुसऱ्यांचे वाचले. त्या दोन्ही बाजूंच्या अनुभवावरून ही माहिती लिहितो आहे.

कोणत्या विद्यापीठांना लागू

मुंबई, सावित्रीबाई फुले पुणे, शिवाजी, गोंडवाना यांसारख्या राज्यातल्या अकृषी विद्यापीठांचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार चालतो. हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. खाली दिलेली प्रक्रिया त्याच चौकटीतली आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ, मुक्त विद्यापीठ आणि खासगी विद्यापीठं यांचे कायदे वेगळे. गोवा विद्यापीठाचाही कायदा वेगळा, १९८४ चा. अभ्यास मंडळ आणि विद्यापरिषद, म्हणजे शैक्षणिक बाबींवर ठराव करणारी वरची सभा, मात्र तिथेही आहे.

तुमचं कॉलेज स्वायत्त असेल तर मंडळ आणि विद्यापरिषद कॉलेजचीच असते. विभागप्रमुख मंडळाचा अध्यक्ष, विभागातले शिक्षक सदस्य, शिवाय बाहेरचे विषयतज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेला एक तज्ज्ञ, उद्योगक्षेत्रातली एक व्यक्ती आणि एक माजी विद्यार्थी. कागदपत्रं जवळपास तीच लागतात, अंतर कमी पडतं इतकंच.

एक गल्लत नेहमी होते. आपल्या कॉलेजात नवीन विषय किंवा नवीन अभ्यासक्रम सुरू करायचा असेल तर तो संलग्नतेचा, म्हणजे विद्यापीठाशी जोडून घेण्याच्या मान्यतेचा अर्ज. त्याचा संबंध बृहत् आराखड्याशी (कुठे कोणती कॉलेजं आणि अभ्यासक्रम हवेत याच्या विद्यापीठाच्या योजनेशी) आणि शासनाच्या परवानगीशी येतो. इथे आपण बोलतोय ते विद्यापीठभर शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमातल्या बदलाबद्दल. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की वर्ष फुकट जातं.

प्रस्ताव कोण देऊ शकतो

अभ्यासक्रमाची शिफारस करण्याचा अधिकार अभ्यास मंडळाचा. पण मंडळापुढे विषय येण्यासाठी तुम्ही मंडळावर असलंच पाहिजे असं नाही. कोणताही मान्यताप्राप्त शिक्षक विभागप्रमुख आणि प्राचार्यांमार्फत मंडळाच्या अध्यक्षांना लेखी प्रस्ताव देऊ शकतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकांनी विभागाच्या बैठकीत मुद्दा मांडून तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. अनेक कॉलेजांत प्रत्यक्ष वर्गात तेच असतात, आणि कोणता घटक मुलांच्या डोक्यावरून जातो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

मंडळात विद्यापीठातल्या विभागाचे प्रमुख, कुलगुरूंनी नामनिर्देशित केलेले शिक्षक, संलग्न कॉलेजांच्या विभागप्रमुखांमधून निवडून आलेले तीन सदस्य आणि स्वीकृत तज्ज्ञ असतात. या तीन सदस्यांच्या निवडणुकीत तुमच्या विभागप्रमुखांनाही मत असतं. प्रस्ताव पाठवण्याआधी त्यांच्यापैकी एकाला तरी फोन करा. त्यात संकोच वाटण्याचं काही कारण नाही, कॉलेजांचं म्हणणं मंडळात पोहोचवायलाच ते तिथे आहेत.

विद्यार्थ्यांसाठी थेट अर्जाची अशी वाट फारशी वापरात नाही. पण कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनासाठी कॉलेजं विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि नोकरी देणारे यांच्याकडून अभ्यासक्रमावर अभिप्राय घेतात. तो फॉर्म मनापासून भरा. चांगल्या प्रस्तावाला जोडलेला सगळ्यात वजनदार कागद बऱ्याचदा तोच असतो.

मान्यतेचा रस्ता

विभागाची बैठक, मग अभ्यास मंडळ, तिथून विद्याशाखा, मग विद्यापरिषद. कायद्याने विद्याशाखा चारच ठेवल्या आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. विद्यापरिषदेत ठराव झाला की शैक्षणिक विभाग परिपत्रक काढतो. प्रवेशाची पात्रता किंवा उत्तीर्ण होण्याचे नियम बदलणार असाल तर ऑर्डिनन्सचा, म्हणजे विद्यापीठाच्या नियमांचा, प्रश्न येतो आणि व्यवस्थापन परिषदेपर्यंत जावं लागतं. म्हणून हे बदल अभ्यासक्रमाच्या प्रस्तावात घुसडू नका. एका गुंत्यापायी सगळंच अडकतं. अभियांत्रिकी, विधी, औषधनिर्माणशास्त्र, शिक्षणशास्त्र यांना आपापल्या शिखर संस्थेची चौकट पाळावीच लागते.

वेळ अगदीच कमी असेल तर कुलगुरू कलम १२(७) खालचे तातडीचे अधिकार वापरून मान्यता देतात आणि विषय नंतर प्राधिकरणापुढे जातो. या वाटेवर भिस्त ठेवू नये. घाईत मंजूर झालेला अभ्यासक्रम दुरुस्त करायला पुन्हा हाच सगळा फेरा करावा लागतो.

कागद कोणते

प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणि विभागाच्या बैठकीचं इतिवृत्त हे प्राथमिक. त्यानंतर बदलाचं समर्थन, सर्व सत्रांचा क्रेडिट (पेपरचं वजन मोजायचं एकक) आराखडा, विद्यापीठाच्या नमुन्यातला पूर्ण अभ्यासक्रम, जुन्या-नव्याचा तुलनात्मक तक्ता, अभिप्रायांचं विश्लेषण, प्रश्नपत्रिकेचं स्वरूप, जुन्या विद्यार्थ्यांसाठी समकक्षतेचा तक्ता आणि कार्यभार व सुविधांची टिपणी. विषय दुसऱ्या मंडळाच्या हद्दीत शिरत असेल, समजा अर्थशास्त्राच्या पेपरात संख्याशास्त्राचं प्रात्यक्षिक आलं, तर त्या मंडळाची संमती जोडावी. मजकूर युनिकोडमध्येच द्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर परिपत्रकात गेला की जोडाक्षरांची वाट लागते आणि घटकांची नावंसुद्धा वाचता येत नाहीत.

यातलं समर्थन आणि तुलनात्मक तक्ता या दोन कागदांवर प्रस्ताव तरतो किंवा बुडतो.

समर्थनात सर्रास दिसणारं वाक्य म्हणजे "काळाची गरज ओळखून सदर बदल प्रस्तावित आहे." या वाक्यावर मंडळ काहीच करू शकत नाही, कारण त्यात तपासण्याजोगं काही नाही. बीए मराठीच्या तिसऱ्या वर्षाला 'माध्यमांसाठी लेखन' असा चार क्रेडिटचा पेपर आहे असं धरू. तुम्हाला त्यात उपशीर्षकलेखन, म्हणजे सबटायटल, आणायचं आहे. मग असं लिहा: वृत्तपत्रीय लेखनाच्या घटकाला १५ तास आहेत, त्यातला बातमीचे प्रकार हा भाग दुसऱ्या वर्षी होऊन गेलेला आहे, त्यामुळे ५ तास मोकळे होतात. त्या ५ तासांत उपशीर्षकलेखन शिकवता येईल. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, आणि मूल्यमापन तीन मिनिटांच्या चित्रफितीला उपशीर्षकं लिहून घेऊन करता येईल. एवढ्या चार ओळींत कारण, जागा, साधन आणि परीक्षा हे सगळं आलं.

तुलनात्मक तक्त्यात डावीकडे जुना घटक, तास आणि गुण, उजवीकडे नवा, आणि शेवटच्या रकान्यात काय वगळलं, काय आलं, काय फक्त जागा बदलून बसलं ते लिहा. सगळ्या तक्त्यात वगळलेलं काहीच नसेल तर सावध व्हा. प्रत्येक जण भर घालतो, काढून टाकायला कुणी धजावत नाही, आणि भार शेवटी मुलांवर पडतो.

क्रेडिट आणि तासांचा हिशोब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा आराखडा राज्यात २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने आला. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय), कौशल्याचे अभ्यासक्रम, भारतीय ज्ञान प्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट असे रकाने ठरलेले आहेत. तुमचा पेपर कोणत्या रकान्यात बसतो हे पहिल्या पानावरच लिहा. मेजरमध्ये दोन क्रेडिट वाढवले तर ते दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यातून येणार, आणि तो रकाना दुसऱ्या कुणाचा तरी असतो.

थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास. तीन क्रेडिट थिअरी आणि एक क्रेडिट प्रात्यक्षिक असा चार क्रेडिटचा पेपर केला तर ४५ अधिक ३० असे ७५ तास होतात. कितीतरी प्रस्तावांत तिथे सवयीने ६० लिहिलेले असतात. एकदा माझ्याच प्रस्तावात आराखड्याच्या तक्त्यात सत्राची बेरीज २२ होती आणि आतल्या पेपरांची बेरीज २१. दोन पेपर मी वेगवेगळ्या दिवशी दुरुस्त केले होते. मंडळाने प्रस्ताव परत पाठवला, पुढची बैठक अडीच महिन्यांनी झाली आणि अभ्यासक्रम एक वर्ष पुढे गेला. मी बेरीज पुन्हा तपासली नाही म्हणून एका तुकडीला जुनंच शिकावं लागलं. तेव्हापासून शेवटची बेरीज मी प्रस्ताव न वाचलेल्या सहकाऱ्याकडून करून घेतो.

प्रात्यक्षिकाचा कार्यभारही मांडून दाखवा. एका क्रेडिटचं प्रात्यक्षिक म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला दोन तास, पण प्रत्येक बॅचला. साठ मुलांच्या तीन बॅच केल्या तर शिक्षकाचे सहा तास. सहायक प्राध्यापकाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांप्रमाणे आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. एकट्या शिक्षकाच्या विभागात हे सहा तास कुठून येणार याचं उत्तर टिपणीत हवं. उलट बाजूही तितकीच खरी आहे: पेपर काढला की कुणाचा तरी कार्यभार घटतो आणि पद धोक्यात येतं. मंडळात बोलली न जाणारी अर्धी भीती हीच असते. ती दडवण्यापेक्षा आकड्यांत मांडलेली बरी. पद वाचवण्यासाठी पेपर ठेवणं मला मान्य नाही, पण माणसाला न सांगता त्याच्या पायाखालची जमीन काढणंही मान्य नाही.

जुन्या विद्यार्थ्यांचं काय

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे समकक्षतेचा तक्ता. अभ्यासक्रम बदलतो तेव्हा मागच्या तुकडीतल्या काही मुलांचे विषय राहिलेले असतात. त्यांच्यासाठी जुन्या पॅटर्नच्या परीक्षा किती वेळा होणार आणि त्यानंतर जुन्या पेपरऐवजी कोणता नवा पेपर द्यायचा, हे प्रस्तावातच लिहिलेलं असावं. ते नसलं की दोन वर्षांनी एखादी मुलगी परीक्षा विभागाच्या खिडकीवर उभी असते आणि आतला कर्मचारी म्हणतो, "हा पेपर आता नाही." चूक तिची नसते आणि त्या कर्मचाऱ्याचीही नसते. ज्या पेपरला समकक्ष काहीच नाही, त्यासमोर रिकामी जागा सोडू नका. "जुन्या पाठ्यक्रमानुसार स्वतंत्र प्रश्नपत्रिका" असं स्पष्ट लिहा.

परीक्षण करणाऱ्यांसाठी

प्रस्ताव तुमच्याकडे वाचायला आला असेल तर घटकांच्या यादीपासून सुरुवात करू नका. आधी प्रश्नपत्रिकेचं स्वरूप आणि शेवटची संदर्भसूची पाहा. निष्पत्तीत (पेपर शिकून काय यायला हवं त्यात) "विश्लेषण करता येईल" लिहिलं आहे आणि प्रश्नपत्रिकेत सगळ्या टिपाच लिहायच्या आहेत, तर विश्लेषण कुणीच शिकणार नाही. संदर्भसूचीतली पुस्तकं छापून उपलब्ध आहेत का, मराठी माध्यमातल्या मुलाला मराठीत काही वाचायला आहे का, हे पाहा. मी प्रत्येक प्रस्ताव वाचताना तालुक्याच्या गावातलं, एकच शिक्षक असलेलं आणि संगणक कक्ष दुपारी चारला बंद होणारं एक कॉलेज डोळ्यांपुढे ठेवतो. तिथे हा पेपर उभा राहील का? राहणार नसेल तर पर्यायी घटक सुचवायचा, मूळ कल्पना मारायची नाही.

शेरे लेखी द्या आणि पानाचा व घटकाचा क्रमांक लिहा. "सुधारणा आवश्यक" या शेऱ्याने प्रस्ताव देणाऱ्याला काहीच कळत नाही. "घटक ३ ला १५ तास अपुरे, उपघटक ३.४ वगळावा" असं असेल तर तो त्याच रात्री दुरुस्ती करू शकतो.

वेळापत्रक

जूनपासून उलटं मोजा. परिपत्रक मे महिन्यात हवं असेल तर विद्यापरिषद मार्च-एप्रिलमध्ये, विद्याशाखा त्याआधी, अभ्यास मंडळ जानेवारीपर्यंत आणि विभागाची बैठक दिवाळीच्या सुटीआधी व्हायला हवी. बैठकीची कार्यसूची आठवडा-दहा दिवस आधीच बंद होते, म्हणून अध्यक्षांकडे प्रस्ताव निदान तीन आठवडे आधी पोहोचू द्या आणि आवक क्रमांक घेतलेली प्रत स्वतःकडे ठेवा.

परिपत्रक निघाल्यावर त्यावरची विद्यापरिषदेची तारीख, विषय क्रमांक आणि कोणत्या शैक्षणिक वर्षापासून लागू हे वाचा. मुंबई विद्यापीठाच्या परिपत्रकांत विषय क्रमांकापुढे 'एन' किंवा 'आर' असं अक्षर असतं, नवा की सुधारित ते त्यावरून कळतं. मग संकेतस्थळावरची पीडीएफ आणि मंडळाने मंजूर केलेली प्रत शेजारी ठेवून पेपरचा कोड, क्रेडिट आणि तास ओळीने जुळवा. क्रेडिट आता विद्यार्थ्याच्या अकॅडेमिक बँक खात्यात (क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात) जमा होतात, त्यामुळे कोडमधला एक चुकलेला आकडा थेट गुणपत्रिकेपर्यंत जातो. फरक सापडला तर त्याच दिवशी शैक्षणिक विभागाला लेखी कळवा, शुद्धिपत्रक निघेपर्यंत पाठपुरावा करा आणि ते मूळ परिपत्रकाला टाचून विभागाच्या फायलीत लावा.