पार्श्वभूमी : सातमाशी बाळाचं दूध आणि दाराबाहेरची आई

विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला सुरुवातीचे काही दिवस उपाशी ठेवणं हेच शास्त्र मानलं जाई. दूध श्वासनलिकेत जाईल, ही भीती. उपाशी बाळाची साखर उतरून मेंदूला इजा होते हे दिसल्यावर ती रीत मागे पडली. मराठवाड्यात तेव्हा अशी बाळं बहुतेक सुईणीच्या हाती होती.

खरी घडामोड २००५ नंतरची. ग्रामीण आरोग्य अभियानातून जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांचे विशेष कक्ष उभे राहिले. २०११ च्या योजनेने सरकारी रुग्णालयांत प्रसूती, आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत झाली. बाळ ‘पेटीत’ गेलं, आई दाराबाहेर राहिली. मूळ योजनेत आईचं मोफत जेवण साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस. बाराशे ग्रॅमचं बाळ मात्र काही आठवडे आत असतं. या बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी काही मिली दूध देतात. सिरिंजचा दट्ट्या काढून ती बाळाच्या पोटात घातलेल्या नळीला जोडतात, उंच धरतात आणि दूध आपसूक उतरू देतात. पण ते दूध रात्रीही पिळून काढणारी आई जवळ हवी, नाहीतर काही दिवसांत पान्हा आटू लागतो.

सगळ्यात जास्त वाद आईचं दूध पुरत नसेल तर काय द्यायचं, यावर झाला. मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात १९८९ मध्ये देशातली पहिली दूधबँक, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध साठवून देणारं केंद्र, निघाली. डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना आणि फुकट नमुन्यांना १९९२ च्या कायद्याने बंदी घातली. २०१७ च्या राष्ट्रीय सूचनांनी क्रम ठरवून दिला: आधी स्वतःच्या आईचं, मग दात्या आईचं, अगदी नाइलाज झाला तर डब्याचं. दात्याच्या दुधावरचे आक्षेप खोटे नव्हते. दात्याचं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात, त्यात काही संरक्षक घटक कमी होतात आणि डब्याच्या दुधाच्या तुलनेत वजन सावकाश वाढतं. सुट्टी वजनावर ठरते, म्हणून घरचेही ‘डबा लिहून द्या’ म्हणतात. पण आतडी सडण्याचा जो आजार या बाळांना मारतो, त्याचा धोका डब्याच्या दुधाने वाढतो. मला हा क्रम पूर्ण योग्य वाटतो. फक्त दुधाच्या प्रकारावर इतकी चर्चा झाली की आई कुठे आहे, हा प्रश्न फार उशिरा आला.

तो आणला २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासाने. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मापासूनच आईच्या छातीशी ठेवलं, तर मृत्यू चतुर्थांशाने घटले. पुढच्या वर्षी जागतिक शिफारशी तशा बदलल्या आणि आईसाठी कक्षातच खाट लावण्याच्या धोरणाला बळ मिळालं.

मराठवाड्याची अडचण खाटेपुरती नाही. दसऱ्यानंतर बीड, धाराशिव, जालन्याची हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. उसाच्या फडावर दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या की बाळ कारखान्याच्या भागातल्या रुग्णालयात जन्मतं, तिथून मोठ्या ठिकाणी रेफर होतं. टाके पडलेली आई मागेच राहते. सुट्टी झाल्यावर आशाताईच्या घरभेटी ठरलेल्या असतात, पण गावच्या यादीप्रमाणे. कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या बाळाची भेट हुकते. आणि आई रुग्णालयात थांबली की मजूर नेणारा मुकादम तिचा खाडा, म्हणजे बुडालेल्या दिवसांचा दंड, उचलीच्या (आगाऊ घेतलेल्या पैशांच्या) हिशेबात धरतो. दुधाच्या सूचनांत या खाड्याची तरतूद नाही.