पालकभाषा
मुलाशी आईवडील व घरातील वडीलधारी माणसे ज्या बोलीत आणि ज्या धाटणीने बोलतात ती भाषा. तिचा परिणाम मुलाच्या उच्चारांवर व शब्दसंग्रहावर होतो, हे सर्वमान्य आहे; वाद आहे तो परिणाम किती आणि कशामुळे, याविषयी.

हार्ट व रिझ्ली या संशोधकांनी 1995 मध्ये अमेरिकेतील कॅन्सस येथील 42 कुटुंबांवरून असा अंदाज मांडला, की चार वर्षांच्या वयापर्यंत गरीब व सुस्थित घरांतील मुलांच्या कानी पडणाऱ्या शब्दांत सुमारे 3 कोटींची तफावत पडते. त्यांतली सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबे मात्र अवघी 6 होती. स्पेरी व सहकाऱ्यांनी 2018 मध्ये घरातील इतरांचे बोलणेही मोजले, तेव्हा एवढी तफावत आढळली नाही. यावर गोलिंकॉफ प्रभृतींचा आक्षेप असा, की नुसते कानावर पडणे आणि मुलाशी बोलणे यांत फरक आहे. हा आक्षेप रास्त आहे. तरीही आजी, काकू, आत्या मुलाला मांडीवर घेऊन जे बोलतात ते गणतीबाहेर ठेवणारी पद्धत आपल्याकडील घरांना लागू पडणार नाही. शब्दांच्या राशीपेक्षा मुलाच्या हुंकाराला मिळणारे उत्तर अधिक मोलाचे, हे मत जास्त ग्राह्य वाटते.

उच्चारभेद फार लवकर ठरतात. वर्कर व टीझ (1984) यांच्या प्रयोगात इंग्रजीभाषक घरांतील 6 ते 8 महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ व ‘ट’ वेगळे ओळखता आले. वर्षाच्या आसपास ही क्षमता बहुतेकांत उरली नव्हती.

भुभू, माऊ, मम्मं, भुर्र अशा मराठी बालशब्दांचा शास्त्रीय अभ्यास भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी 1964 मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी भाषाशास्त्रज्ञ फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालबोलीची तुलना केली, तीत मराठीचाही समावेश होता. पापुआ न्यू गिनीतील कालुली लोक तान्ह्यांशी असे बोबडे बोलत नाहीत, तरी त्यांची मुले वेळेवर बोलू लागतात.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न बोलीशी निगडित आहे. कसमादे पट्ट्यातून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) नाशिक शहरातील सातपूर-सिडकोकडे आलेल्या कुटुंबांत नवराबायको आपसांत अहिराणी बोलीतले ‘माले-तुले’ बोलतात आणि मुलाकडे वळले की ‘मला-तुला’. शाळेत पोर मागे पडेल, ही त्यामागची धास्ती. गावी आजीने ‘काय करी ऱ्हायना?’ विचारले, की नातू ‘काही नाही, खेळतोय’ म्हणतो. त्याला अहिराणी कळते, पण बोलता येत नाही. दोन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलते, या समजाला संशोधनाचा आधार नाही, त्यामुळे हा त्याग अनाठायी होय. सुरगाणा व पेठ तालुक्यांत कोकणा या आदिवासी जमातीच्या घरांतील मुलांपुढे पुस्तकी मराठी येते ती थेट शाळेत.